एकाच पेनाने भरलेले शंभर फॉर्म

मार्केटिंगच्या पदव्युत्तर पदविकेला प्रवेश घ्यायचा तर काय काय लागतं, ते मला अजून तोंडपाठ आहे. कुठल्याही शाखेची पदवी, पन्नास टक्के गुण, कामाच्या अनुभवाचा दाखला, कॉलेज सोडल्याचा दाखला, मायग्रेशन, चार फोटो, प्रवेश परीक्षा, ‘मला हा कोर्स का करायचा आहे’ यावर तीनशे शब्द, आणि शिक्षणात खंड पडला असेल तर गॅप सर्टिफिकेट. कॉलेजच्या काउंटरवरच्या मुलीने ही यादी मला एका दमात म्हणून दाखवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “ॲडमिशन मुलाचं आहे का, मॅडम?” मी अडतीस वर्षांची होते. मुलगा नव्हताच. मी म्हटलं, “माझंच आहे,” आणि तिने तोंडावर हात ठेवून शेजारच्या मुलीकडे पाहिलं.

मी सातपूरला चहा पॅकिंगच्या एका कंपनीत ऑर्डर घेण्याच्या टेबलावर काम करत होते. चौदा वर्षं. जिल्हाभरातले दुकानदार मला आवाजावरून ओळखायचे. सटाण्याकडे कडक पत्ती चालते, इगतपुरीला पावसाळ्यात माल दुपटीने उचलला जातो पण पाकीट ओलं झालं तर दुकानदार शिव्या घालतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. फोनवरच कळत गेलं. पण फोनवर ज्यांच्याशी चौदा वर्षं बोलले, त्यांच्यातल्या एकाचंही दुकान मी पाहिलं नव्हतं. मला बाहेर पडायचं होतं. ग्रामीण विक्री अधिकाऱ्याची जागा मला हवी होती, आणि ती तीनदा माझ्या डोळ्यांदेखत कोवळ्या पोरांना मिळाली होती, कारण त्यांच्याकडे मार्केटिंगचा कागद होता. तीच पोरं मग रस्त्यातून मला फोन करून विचारायची, “मॅडम, पेठला जायला कुठून वळू?”

चौथ्यांदा ती जागा रिकामी होणार हे कळलं तेव्हा मी सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले. ते भले माणूस. म्हणाले, “मॅडम, तुम्ही कागद आणा, जागा तुमची. नियम माझा नाही, मुंबईच्या ऑफिसचा आहे. सध्याचा माणूस अजून दोन वर्षं आहे, तेवढ्यात करून टाका.” म्हणून मी त्या काउंटरसमोर उभी होते.

गॅप सर्टिफिकेटसाठी कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे गेले. त्याच्याकडे मजकूर तयारच होता, फक्त नाव आणि वर्षं बदलायची. मी वाचून बघितलं. सदर सोळा वर्षांच्या कालावधीत मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही व कोणताही गुन्हा केलेला नाही. मी त्याला म्हटलं, “अहो, या सोळा वर्षांत मी नोकरी केली, सासूचं आजारपण काढलं, ते लिहा की.” तो म्हणाला, “त्याला इथं जागा नाही, बाई.” मी सही केली. सोळा वर्षांचा हिशेब म्हणजे प्रवेश नाही आणि गुन्हा नाही. घरी येईपर्यंत तोंड कडू होतं.

तीनशे शब्दांचंही तसंच. मी मनापासून लिहिलं होतं. एकाच डोंगराच्या दोन बाजूंच्या लोकांना वेगवेगळा चहा का लागतो याचं मला कोडं आहे, ते शिकायचंय, असं काहीतरी. काउंटरवरच्या मुलीने ते अर्धं वाचलं, ड्रॉवरमधून एक छापील नमुना काढला आणि म्हणाली, “मॅडम, असं प्रोफेशनल करून आणा.” नमुन्यात मी डायनॅमिक होते, लहानपणापासून मला मार्केटिंगची आवड होती आणि मला या क्षेत्रात मूल्यवर्धन करायचं होतं. लहानपणी मला मार्केटिंग हा शब्द माहीत नव्हता. पण मी ते उतरवून काढलं. पहिल्या दिवशी वर्गात कळलं की पन्नासच्या पन्नास जणांना लहानपणापासून हीच आवड होती.

वर्ग शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी. विषयांची नावं भारदस्त होती: ग्राहक वर्तन, विक्री आणि वितरण, संशोधन पद्धती. शिकवायला येणारे सर पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवत. आम्हालाही वाचता येतं हे त्यांच्या गावी नसे. उदाहरणं सगळी परदेशी बर्गरची आणि बुटांची. वितरणाच्या तासाला एकदा मी हात वर केला. विचारलं, “सर, दुकानदार फुटकी पाकिटं परत करतो आणि आपला माणूस ती घ्यायला नाही म्हणतो, तेव्हा काय करायचं?” सरांनी घड्याळ बघितलं. “ते सिलॅबसमध्ये नाही,” म्हणाले. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. त्यानंतर मी हात वर केला नाही.

असाइनमेंट मात्र हाताने लिहायच्या. वीस पानं, रेघांच्या कागदावर, समासासह. मोबाइलला विचारायचं, तो जे सांगेल ते कागदावर उतरवायचं, आणि वर पारदर्शक फाइल लावायची. फाइलची पट्टी कॉलेजच्या रंगाची नसेल तर गुण कापले जायचे. आतल्या मजकुरासाठी कोणाचे गुण कापल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या शेजारी सटाण्याकडचा एक मुलगा बसायचा, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरातला. वडिलांनी सांगितलं म्हणून आला होता. मला ताई म्हणायचा. त्याने एकदा असाइनमेंटच्या मधल्या दोन पानांवर आपल्या खळ्यातल्या कांदाचाळीचं वर्णन लिहून ठेवलं. कांदा किती दिवस टिकतो, वारा कुठून यायला पाहिजे, सगळं. त्याला दहापैकी नऊ मिळाले. “हाई कोन वाचस, ताई?” तो म्हणाला. हे वाचतं कोण. मी हसले. ती दोन पानं त्या वर्षभरातलं सगळ्यात चांगलं लिखाण होतं, आणि ती कोणी वाचली नव्हती.

पहिल्या सत्राच्या शेवटी एक छोटा सर्व्हे होता. शंभर ग्राहकांकडून फॉर्म भरून आणायचे. मला वाटलं आता कुठे खरं काम आलं. रविवारी तास संपल्यावर बघते तर सगळा वर्ग कॅन्टीनमध्ये. टेबलांवर कोऱ्या फॉर्मचे गठ्ठे आणि मधोमध पेनांचा ढीग. निळी, काळी, जेलची, एक-दोन हिरवी. एकाने दहा फॉर्म भरायचे आणि गठ्ठा पुढे सरकवायचा. पाच फॉर्म उजव्या हाताने, पाच डाव्या. मध्येच एखादा चुरगाळायचा. एखाद्यावर चहाचा कप टेकवायचा, गोल डाग पडला पाहिजे. एखाद्यात एक प्रश्न मुद्दाम सोडायचा. ही रीत वर्षानुवर्षं चालत आली होती आणि वरच्या वर्गाची मुलं ती खालच्यांना मायेने शिकवत होती. मला तिथे बसवेना. “मी माझे करते,” म्हणून उठले. सटाण्याचा मुलगा म्हणाला, “ताई, तुम्ही लय मनावर घेता.”

गल्लीतल्या घरांतून जमले तेवढेच फॉर्म मी भरून दिले. त्या छोट्या सर्व्हेचे गुण नुसते फाइल बघून दिले, म्हणून तेव्हा निभावलं. पण दुसऱ्या वर्षी मोठा प्रकल्प होता. त्याचं काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक बांधायचं, आणि बाहेरचे परीक्षक येऊन तोंडी परीक्षा घेणार. मी विषय घेतला चहाचाच. गावाकडचं गिऱ्हाईक सुटी पत्ती घेतं की पाकीट, आणि का. मार्गदर्शक म्हणून जे सर मिळाले ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान होते. त्यांनी प्रश्नावली इंग्रजीतच पाहिजे म्हणून सांगितलं. प्रत्येक प्रश्नाला पाच चौकटी, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. “निष्कर्ष आधी ठरवून घ्या मॅडम, म्हणजे आकडे जुळवायला सोपं जातं,” हेही त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं.

मी हरसूलच्या आठवडी बाजाराच्या दिवशी रजा टाकली आणि सीबीएस स्टँडवरून सकाळची एस.टी. धरली. एका दिवसात शंभर होईनात, म्हणून तीन बाजार केले, तीन रजा घालवल्या. त्या तीन दिवसांबद्दल मला काही वाईट सांगता येत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा माझं गिऱ्हाईक समोर उभं असलेलं बघत होते. नागली विकणाऱ्या एका बाईला मी म्हटलं, घ्या, इथे खूण करा. तिच्या एका हातात माप, दुसऱ्या हातात पिशवीचं तोंड. “तूच लिही गं बाई, माझा हात कुठं रिकामा हाय?” भजी तळणाऱ्याचे हात पिठात. एका शिक्षकांना मी पेन दिलं तर ते म्हणाले, “तुम्ही विचारा, मी सांगतो, चष्मा घरी राहिला.” ज्यांना लिहिता येत होतं तेही म्हणाले, “तुमचं अक्षर बरं हाय, तुम्हीच लिवा.” बाजार म्हणजे लोक कामावर होते. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. माझंच निळं पेन, माझंच अक्षर, पहिल्यापासून शंभराव्यापर्यंत.

आणि त्यांनी काय काय सांगितलं! आम्ही कोरा चहा पितो, दुधाच्या चहाची पत्ती आम्हाला काय कामाची. छोटं पाकीट घेतो कारण आठवड्याच्या बाजारातून आठवड्यापुरतंच न्यायचं. पाकिटावरची बाई बघून घेत नाही, फाडायला सोपं आहे का ते बघतो, कारण दातांनी फाडावं लागतं. सहमत-असहमतच्या चौकटींत यातलं काहीच बसत नव्हतं, म्हणून मी समासात लिहीत गेले. काही फॉर्मच्या समासात मुंगीला शिरायला जागा उरली नाही. संध्याकाळच्या गाडीत बसून मी ते पुन्हा पुन्हा वाचायचे. वाटायचं, मालकांना हे दाखवलं तर ते उद्याच पाकीट बदलतील.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले ते आधी जेवायला बसले. तास-दीड तास आम्ही जिन्यावर उभे. मग वर्गात टेबलावर पांढरी चादर, काजूची बशी, पाण्याच्या बाटल्या. माझ्या आधी सटाण्याच्या मुलाचा नंबर होता. त्याने कांद्याच्या पावडरवर प्रकल्प केला होता, कॅन्टीनमध्ये बसून. परीक्षकांनी त्याचे फॉर्म चाळले, एकावरचा चहाचा डाग बघितला आणि म्हणाले, “फील्डवर्क दिसतंय.” दार उघडंच होतं, मी ऐकलं.

माझं पुस्तक त्यांनी मागून उघडलं, जिथे फॉर्म बांधले होते तिथे. एक बघितला, दुसरा बघितला, मग एकदम वीस-पंचवीस पानं अंगठ्याने सोडली. पुस्तक मिटलं. एक काजू तोंडात टाकला.

“मॅडम, शंभर माणसं, एक अक्षर, एक पेन,” ते म्हणाले. “निदान पेन तरी बदलायचं.”

मी सांगायला लागले. बाजार, हात रिकामे नसणं, चष्मा. मला माझाच आवाज खोटा वाटायला लागला, कारण ते हसत होते. “सगळे असंच सांगतात,” ते म्हणाले. मी मार्गदर्शक सरांकडे बघितलं. मी तीन दिवस हरसूलला गेल्याचं त्यांना माहीत होतं, मी तिकिटं दाखवली होती. ते पंख्याकडे बघत बसले. त्या माणसाची मला जी शिसारी आली ती आजही कमी झालेली नाही. परीक्षक तर बोलूनचालून परका होता, त्याने रोज हेच पाहिलेलं. पण यांना खरं माहीत होतं.

शेरा पडला: पंधरा दिवसांत पुन्हा सादर करा, नाहीतर निकाल राखून ठेवू. त्याच महिन्याच्या शेवटी कंपनीत त्या जागेसाठी मुलाखती होत्या.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. पंधरा दिवसांत दोन बाजार येत होते. मी पुन्हा जाऊ शकले असते. लोकांच्या हातात पेन द्यायचं, अजिजी करायची, चहा पाजायचा, शंभर नाही तर साठ तरी झाले असते. रजा शिल्लक नव्हत्या हे खरं, पण बिनपगारी मिळाली असती. मी गेले नाही. मी दमले होते असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला कळून चुकलं होतं की साठ खऱ्या अक्षरांनाही तो माणूस त्याच अंगठ्याने सोडून देईल, आणि जागा चौथ्यांदा हातची जाईल.

रविवारी तास सुटल्यावर मी कोरे फॉर्म घेऊन कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. खालच्या वर्गाचे फॉर्म भरणं तिथे चालूच होतं. सटाण्याच्या मुलाने टेबलावर जागा केली, पेनं पुढे सरकवली आणि समोसे मागवले. पहिले चार फॉर्म मी मान खाली घालून भरले. पाचव्यापासून मी रंगात आले. हे लिहिताना लाज वाटते, पण आले. मी निवृत्त ग्रामसेवक तयार केला, तो तिरपं अक्षर काढायचा. मी नवी लग्न झालेली सून तयार केली, तिला ब्रँड आवडायचे. चौदा वर्षं मी गिऱ्हाईक ऐकलं होतं, त्यामुळे माझी खोटी माणसं इतरांच्या खोट्या माणसांपेक्षा कितीतरी जिवंत होती. आणि सगळी कशी शहाण्यासारखी चौकटीत बसत होती. कोणी समासात जात नव्हतं, कोणी कोरा चहा पीत नव्हतं. “ताई, तुमचे एकदम वरिजनल वाटतात,” मुलगा म्हणाला, आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच आता सगळ्यात जास्त किळस येते.

पेन चालतंय का बघायला कागद लागत होता. कोणीतरी माझ्या पिशवीतून एक गठ्ठा काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रेघोट्या मारायला लागलं. जुन्या पुस्तकातून सोडवलेले हरसूलचे फॉर्म होते ते. मी बघितलं. पुढचा फॉर्म ओढला. थोड्या वेळाने माझं हिरवं पेन अडकलं तेव्हा मीही त्याच गठ्ठ्यावर गिरवून बघितलं.

निष्कर्ष सरांनी सांगितल्याप्रमाणे आधी ठरवलेलाच निघाला. ग्रामीण ग्राहकाचा कल आकर्षक पाकिटाकडे वाढत आहे. ते वाक्य माझ्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं आहे. पुढे मी पास झाले, जागाही मला मिळाली, आणि मालकांनी त्या पुस्तकाची प्रत मागून घेऊन मुंबईला पाठवली. त्यावरून पाकीट बदललं. जास्त चकचकीत केलं, जाड प्लास्टिकचं. दातांनी फाटत नाही.

पण ते नंतरचं. दुसऱ्या तोंडी परीक्षेला तेच परीक्षक होते. या वेळी काजूऐवजी खारे शेंगदाणे होते. त्यांनी पुस्तक पुन्हा मागूनच उघडलं. ग्रामसेवकाचं तिरपं अक्षर बघून थांबले. सुनेचं बघितलं. एका चुरगाळलेल्या फॉर्मवरून हात फिरवून तो सरळ केला. मार्गदर्शक सर आता पंख्याकडे न बघता माझ्याकडे बघून हसत होते, जणू आम्ही दोघांनी मिळून काही मिळवलं होतं.

“आता कसं खरं वाटतंय,” परीक्षक म्हणाले.

“थँक यू, सर,” मी म्हणाले. कमरेत किंचित वाकलेसुद्धा.

त्यांनी सही करायला पेन उघडलं, मग सहज म्हणून विचारलं, “हरसूलला स्वतः गेला होतात का हो?”

“हो, सर. तीनदा.”

त्या सबंध पुस्तकाबद्दल मी त्या दिवशी बोललेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं, आणि ते बोलताना माझी नजर खाली गेली. परीक्षकांनी ते पाहिलं, समजुतीने मान हलवली आणि “असू दे, असू दे” म्हणत सही केली.